चार मैल आधी

जुन्या सेसनात मी बावीस वर्षं उडाले.
तिला घाई नव्हती, मलाही नव्हती.
माझा विचार आणि ती
बहुधा बरोबरच पोचायचो धावपट्टीवर,
आणि एखाद दिवशी विचार मागे रेंगाळलाच
तर ती थांबायची त्याच्यासाठी,
म्हातारी घोडी थांबते तशी, मान न वळवता.

मार्चमध्ये डोरीन आशेनब्रेनरने गराजचं दार उघडलं.
आत व्हर्लिनचं विमान.
नऊ वर्षं बांधलं, साठ तास उडवलं.
"दगा दिला तो त्याच्या हृदयाने, इंजिनाने नाही,"
ती म्हणाली, भाव सांगावा इतक्या सरळ आवाजात,
आणि मग भावही सांगितला.

पंख इतके आखूड
की मला वाटलं, उरलेले कुठे ठेवलेत?

सेसना विकली ग्रेट फॉल्सच्या एका दंतवैद्याला.
तो तिला नीट ठेवेल,
असं मी स्वतःला तीनदा सांगितलं.

शिकवायला ओडेल प्रुडोम, वय एक्काहत्तर,
मागच्या सीटवर, शब्दांना कंजूष.
"उजवा पाय."
मी थ्रॉटल पुढे ढकलला
आणि आजवर शिकलेलं सगळं
शेपटाकडून खाली सांडत गेलं.
"उजवा पाय!"
हजार फूट. बिग स्नोवीचे डोंगर खिडकीत,
आणि मी अजून जमिनीवर, नाक सरळ ठेवत.

"तू कुठे आहेस?"
धावपट्टीपासून दोन मैलांवर, मी म्हणाले.
"तिथे विमान आहे. तू कुठे आहेस?"

खरंच होतं त्याचं. मी मागेच होते,
जूडिथ नदीच्या वळणापाशी,
वेग कमी करावा का, ते ठरवत.

तीस वर्षं गाभण गायींच्या पोटात
खांद्यापर्यंत हात घालून मी वासरं वळवलीत.
जोर लावणं हाडात मुरलंय.
इथे जोर चालत नाही.
दांडा दोन बोटांत धरायचा,
तासाभराच्या शिंगराची नाडी बघावी तसा,
आणि 'डावीकडे' असं नुसतं मनात आणायचं.
मनात येईतो
गव्हाची शेतं भिंतीसारखी उभी राहिलेली असतात.

उतरताना पहिल्यांदा उसळी.
दुसऱ्यांदा उसळीची उसळी, मग पुन्हा आकाश.
ओडेलने त्याच्या दांड्याला हात लावला नाही.
तो मला दिसत नव्हता,
पण पाठीमागचं जनावर बुजलंय की शांत आहे
ते कळतं.
तिसऱ्यांदा चाकं टेकली,
टेकलेलीच राहिली,
आणि मागून च्युइंगमचा कागद सोडल्याचा आवाज आला.

जूनमध्ये तपासणीसाठी पंखाखालचं झाकण काढलं.
आत अ‍ॅल्युमिनियमवर पेन्सिलीने:
'हा रिव्हेट तीनदा काढला.
डोरीनशी भांडण. नोव्हेंबर.'
पुढच्या फासळीवर नुसतं: 'हा बरा.'
टॉर्च विझवून मी तशीच थोडा वेळ
पाठीवर पडून राहिले, सिमेंटच्या गारव्यावर.
मग झाकण लावलं. सोळा स्क्रू.

आता चार मैल आधीच मी मोठ्याने बोलते,
कुणी नसलं तरी:
पॉवर मागे. वेग बघ. फ्लॅप. पाय जागे ठेव.
काही संध्याकाळी विचार खरोखरच पुढे जातो,
उतरतो,
धावपट्टीच्या कडेच्या गवतात उभा राहून
आम्हा दोघांना येताना बघतो.
सगळ्या संध्याकाळी नाही.
परवाच वाऱ्याने असं आडवं ढकललं
की तोंडातून मी फक्त गोठ्यात वापरते
तो शब्द निघाला.

काल डोरीन आली हँगरवर.
पंखाच्या कडेवर चिकटलेले किडे
तिने नखाने खरवडले, दोन-तीन.
"नऊ वर्षं स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे टकटक ऐकली," म्हणाली,
"वर गेल्यावर आवाज कसा असतो याचा?"
मागची सीट रिकामी आहे, मी म्हटलं, बस.
"आज नको. ओव्हनमध्ये पाय ठेवलाय सफरचंदाचा."
तिच्या घरापासून इथे यायला पाऊण तास लागतो.
मी काही बोलले नाही.
मागच्या सीटचा पट्टा मात्र
तिच्या मापाचा करून ठेवला.